भुयार आणि गांव

खेळांत केलेल्या कर्माला फळ नसतें, अशी एक समजूत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सारीपाटावर मारलेली सोंगटी पुढच्या डावांत पुन्हां उभी राहते. बुद्धिबळांतला वजीर मेला म्हणून कोणी सुतक पाळीत नाहीं. आणि पत्त्यांच्या डावांत फसविलेला भिडू रात्रीं शेजारींच बसून जेवतो. 'खेळ तो खेळ' एवढे शब्द उच्चारले कीं सगळें मिटतें. खेळाचें सुख बरेंचसें या मिटण्यांतच आहे, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्याच घरांत एका खेळानें या समजुतीला असा कांहीं धक्का दिला कीं, पन्नाशी उलटून गेल्यावर आणि आयुष्याचीं बरींच वर्षें नीतिशास्त्र शिकविण्यांत घालविल्यावर आम्हांस एका जुन्या प्रश्नाकडे पुन्हां वळावें लागलें. तो प्रश्न असा: कर्माची नैतिक किंमत कर्म करण्याच्या क्षणींच पुरती कळते, कीं त्या कर्माचा ज्यांच्याशीं संबंध आला त्यांच्याकडे परत जाऊन पाहिल्याखेरीज ती आपणांस कळतच नाहीं?

हा खेळ आपल्या इकडचा नव्हे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें तो अमेरिकेंत, विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं, १९७४ सालीं छापून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिली आवृत्ति एक हजार पेट्यांची. प्रत्येक पेटींत तीन पातळ पुस्तिका आणि किंमत दहा डॉलर. आज तो जगभर खेळला जातो, आणि आमची भाची व तिच्याबरोबर शिकणारीं चार मुलें दर रविवारीं आमच्या बैठकीच्या खोलींत तो खेळतात.

ज्या वाचकांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं त्याची रीत थोडक्यांत सांगतों. टेबलाभोंवतीं चार-पांच जण बसतात. प्रत्येक जण एका काल्पनिक माणसाची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी पुजारी. एक जण मात्र असें एकच सोंग घेत नाहीं. उरलेल्या सगळ्या जगाची बाजू त्यानें सांभाळावयाची असते. समोर काय दिसतें तें तो तोंडीं सांगतो. आपला माणूस आतां काय करील तें खेळाडू सांगतात. आणि ज्या कृतीचें यश अनिश्चित असेल तिचा निकाल चार, सहा, आठ, बारा आणि वीस पैलूंच्या फाशांनीं लागतो. खेळाला ठरलेला शेवट नाहीं. त्यांत कोणी जिंकत नाहीं आणि कोणी हरत नाहीं. एकच कथानक महिनोन्‌महिने, कधीं वर्षानुवर्षें चालतें. जग सांभाळणाऱ्या त्या माणसाला इंग्रजींत 'डंजन मास्टर' म्हणतात. आम्ही त्यास पंच म्हणणार आहों. सूत्रधार हा शब्द आमच्या मनांत प्रथम आला होता. तो कां सोडला, हें ओघानें पुढें येईल.

खेळाचें नांव भुयारावरून पडलें आहे, आणि नवशिक्यांचा खेळ बहुधा भुयारांतच सुरू होतो. डोंगराच्या पोटांत खोल्यांची एक रांग, प्रत्येक दाराआड एक राक्षस, राक्षसामागें पेटी आणि पेटींत सोनें. दार उघडावें, राक्षस मारावा, सोनें घ्यावें आणि पुढचें दार उघडावें. परंतु या खेळाचा जन्म भुयारांत झालेला नाहीं, ही गोष्ट त्याचा इतिहास चाळतांना आमच्या ध्यानांत आली, आणि ती सामान्य नाहीं असें आम्हांस वाटतें. प्रशियाच्या सैन्यांत अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं नकाशावरचा युद्धखेळ होता. १८२४ सालीं राइसवित्स नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें त्याचे नियम प्रसिद्ध केले, आणि दोन पक्षांमध्यें निवाडा करणाऱ्या पंचाला त्यांत मोठें स्थान दिलें. १८८० सालीं टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्यानें त्याच धर्तीचें एक पुस्तक लिहिलें. तें पुस्तक जवळजवळ नव्वद वर्षांनीं मिनेसोटांतील डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हातीं लागलें. वेस्लीनें १९६९ सालीं नेपोलियनच्या काळांतील एक लढाई मांडली. मात्र सैन्यें समोरासमोर येण्यापूर्वीं मधल्या 'ब्राउनस्टाइन' या काल्पनिक जर्मन गांवांत काय चाललें असेल, असा विचार त्याच्या मनांत आला. म्हणून त्यानें कांहीं खेळाडूंस सेनापतिपद न देतां गांवांतल्या भूमिका दिल्या. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी पेढीवाला, कोणी विद्यापीठाचा कुलपति. डाव इतका विस्कळित झाला कीं तो फसला असेंच वेस्लीला वाटलें; खेळाडूंना मात्र तो फार आवडला.

त्या मंडळींतच आर्नेसन होता. त्यानें १९७१ च्या सुमारास 'ब्लॅकमूर' नांवाचा स्वतःचा एक मुलूख कल्पिला आणि त्या मुलखांतल्या किल्ल्याखालीं भुयारें खोदलीं. आधीं गांव आणि मग भुयार, असा हा क्रम आहे. त्याच ब्लॅकमूरची एक हकीकत आमच्या विषयाला फार जवळची आहे. भुयारांतील लूट खेळाडूंना इतकी गोड लागली कीं वरच्या किल्ल्याकडे कोणाचें लक्ष उरलें नाहीं. शत्रु आला, किल्ला पडला, आणि ज्यांनीं त्याचें रक्षण करावयाचें त्या वीरांना दूर एका सरोवराच्या मुलखांत हद्दपार होऊन जावें लागलें.

असें असूनही लोकप्रिय झालें तें भुयारच. त्याचें कारण उघड आहे. भुयाराला भिंती असतात. खेळाडू फार तर डावीकडे जाईल किंवा उजवीकडे. पंचाला तेवढ्याच दोन खोल्यांची तयारी पुरते. गांवांत मात्र खेळाडू वाटेल त्या घरांत शिरेल, वाटेल त्याच्याशीं बोलेल, आणि त्या प्रत्येक माणसाला कांहीं तरी भूतकाळ द्यावा लागेल. भुयार खेळाडूलाही सोयीचें असतें, आणि ही सोय नैतिक आहे. तेथें भेटणारा प्रत्येक जण अनोळखी असतो. त्याला नांव नसतें, आणि त्याच्यामागें रडणारें कोणी दिसत नाहीं. तेथें जें घडतें त्याची बातमी बाहेर पोहोंचत नाहीं.

आम्ही प्रथम केवळ प्रेक्षक होतों. चहाचा कप हातांत घेऊन दारांत उभें राहावयाचें आणि वडीलकीचें हसूं हसावयाचें, एवढाच आमचा भाग. तिसऱ्या रविवारीं एक मुलगा तापानें आला नाहीं, आणि भाचीनें त्याच्या जागीं आम्हांस बसविलें. आमच्या वांट्याला एक वृद्ध पुजारी आला. डोंगरांतल्या गुहांत 'गॉब्लिन' नांवाची एक बुटकी, कुरूप जमात राहत होती. तिचा बंदोबस्त करण्यासाठीं पायथ्याच्या गांवानें पन्नास सोन्याचीं नाणीं देऊं केलीं होतीं. मंडळींच्या पूर्वींच्या दोन खेपांत बरेंचसें काम झालेलें होतें. त्या दिवशीं आणखी अकरा गॉब्लिन मेले. शेवटीं एक पहारेकरी हातांतला भाला टाकून गुडघ्यांवर बसला आणि मोडक्यातोडक्या भाषेंत कांहीं बोलूं लागला. आमच्यांतला योद्धा म्हणाला, "याला सोडलें तर हा बाकीच्यांना सावध करील." चोर म्हणाला, "उगीच वेळ जातो आहे." देवाधर्माचा माणूस म्हणून शेवटचा शब्द पुजाऱ्याचा, असें ठरून सगळ्यांनीं आमच्याकडे पाहिलें. "तुम्हांला योग्य वाटेल तें करा," असें आम्ही म्हणालों आणि चहाचा घोट घेतला. फासा पडला. पहारेकरी मेला. त्याच्या कमरेला सात नाणीं निघालीं, तीं वांटून घेण्यांत आलीं.

पुढच्या रविवारीं पुढची गुहा असेल, अशा समजुतीनें आम्ही जरा उत्साहानेंच जाऊन बसलों. भाचीनें गुहेचा नकाशा गुंडाळून ठेवला आणि सांगितलें, "तुम्ही गांवांत परत आलां आहांत. डोंगरांत तुमचे नऊ दिवस गेले."

गांवांत काय होतें? पावाची किंमत दुप्पट झाली होती. पहिल्या दोन खेपांत मिळालेलें सोनें मंडळींनीं सढळ हातानें बाजारांत खर्चिलें होतें. सोनें वाढलें आणि धान्य होतें तेवढेंच राहिलें. लोहार तरवारींना धार लावून श्रीमंत झाला होता; शेजारच्या कोष्ट्याच्या घरीं मात्र एक वेळ चूल पेटत नव्हती. मिठाचे व्यापारी आले नव्हते. गॉब्लिन खिंडीच्या तोंडाशीं बसून व्यापाऱ्यांकडून जकात घेत, आणि ती जकात जाचक होती म्हणूनच गांवानें पन्नास नाणीं लावलीं होतीं. पण त्याच गॉब्लिनांच्या पहाऱ्यामुळें पलीकडच्या रानांतले लांडगे खिंड ओलांडीत नसत. आतां खिंड मोकळी होती, लांडग्यांनाही. आणि गांवच्या धर्मशाळेंत एक म्हातारी दुभाषी राहत होती. तिनें आमच्या पुजाऱ्याला हाक मारली आणि विचारलें, "तिकडे एक पहारेकरी होता. त्याला आपली भाषा थोडी येते, मींच शिकविली. खिंडीविषयीं तो तुम्हांला कांहीं सांगणार होता. सांगितलें का त्यानें?"

टेबलावर कोणी बोलेना. सगळ्यांनीं पुन्हां आमच्याकडे पाहिलें. एका काल्पनिक म्हातारीनें एका काल्पनिक पुजाऱ्याला विचारलेला तो प्रश्न होता. आणि तरीही त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप लागली नाहीं.

गुहेंतून गांवांत आल्यानें असें काय बदललें? कर्म तर घडून गेलें होतें; तें मागें जाऊन बदलणें शक्य नव्हतें. विचाराअंतीं आम्हांस असें दिसलें कीं, गुहेंत नसलेल्या तीन गोष्टी गांवांत असतात: काळ, नातें आणि किंमत.

पहिली गोष्ट काळ. गायगॅक्सनें १९७९ सालीं पंचांसाठीं जो जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ लिहिला, त्यांत एका बाबतींत त्याचा आग्रह विलक्षण आहे. खेळांतल्या काळाचा हिशोब काटेकोर ठेवलाच पाहिजे. तो नसेल तर दीर्घ खेळाला कांहीं अर्थ राहत नाहीं, असें तो बजावून सांगतो. वरवर पाहतां हा कारकुनी आग्रह वाटतो. परंतु त्यांत एक नैतिक सत्य आहे. डोंगरांत नऊ दिवस गेले तर गांवांतही नऊच दिवस गेले. भुयारांत उतरणाऱ्याची अशी भावना असते कीं, आपण पाठ फिरवितांच मागचें जग जागच्या जागीं थांबतें आणि आपण परतल्यावर पुन्हां चालूं लागतें. आपल्या बहुतेक निष्काळजीपणाचें मूळ या भावनेंत आहे. दहा वर्षांनीं घरीं आलेल्या माणसाला आईचे पिकलेले केस पाहून जो धक्का बसतो, तो याच हिशोबाचा असतो.

दुसरी गोष्ट नातें. गायगॅक्सचीच 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही १९८० च्या सुमाराची एक पुस्तिका आहे. सरहद्दीवरचा एक कोट आणि जवळच्या दरींतल्या गुहा, एवढा तिचा विषय. त्या गुहांतल्या अनेक टोळ्यांच्या वर्णनांत लढवय्यांच्या संख्येबरोबर बायका किती आणि पोरें किती, तेंही नमूद केलें आहे. या आंकड्यावरून खेळणाऱ्यांत पुष्कळ वाद होत आले आहेत, आणि ते व्हावेत यांत नवल नाहीं. राक्षस मारणें सोपें असतें. राक्षसाचें पोर समोर आलें कीं 'राक्षस' हा शब्दच हातांत टिकत नाहीं. ज्याला पोर आहे त्याला घर आहे, आणि ज्याला घर आहे तो कोणाचा तरी शेजारी आहे.

तिसरी गोष्ट किंमत. भुयारांतलें सोनें नुसतें मोजावयाचें असतें. बाजारांत आल्यावर तें कोणाच्या तरी ताटांतला घांस लहान-मोठा करतें. खेळाच्या कर्त्यांना याची जाणीव नव्हती असें नाहीं. १९७४ च्या त्या तीन पुस्तिकांपैकीं तिसरींतच रानावनांतला प्रवास आणि गढ्या बांधण्याचा खर्च आला आहे. वीर पुरेसा थोर झाला कीं त्यानें गढी बांधावी आणि मुलूख संभाळावा, अशी मुळापासूनच योजना होती. १९८४ सालीं फ्रँक मेंट्झर यानें सिद्ध केलेल्या नियमसंचांत तर रयतेचा आपल्या धन्यावर किती विश्वास आहे, हेंही आंकड्यानें मोजण्याची सोय आहे. काल लूट मोजणाऱ्या माणसावर आज सारा ठरविण्याची पाळी येते. आणि मग त्याच्याच मुलखांत कोणी उपटसुंभ वीर भुयारें उपशीत हिंडूं लागला, तर त्याला तो कसा दिसेल, हें त्याला आपोआप कळतें.

आपणां भारतीयांस हा विचार नवा वाटूं नये. कृष्णार्जुनांनीं अग्नीच्या तृप्तीसाठीं खांडववन जाळलें आणि बाहेर पडूं पाहणाऱ्या जीवांस आंत लोटलें किंवा मारलें. तेवढाच प्रसंग पाहिला तर तो पराक्रम आहे. त्यापायीं अर्जुनाला गांडीव मिळालें, रथ मिळाला. परंतु महाभारतकार तेथें कथा सोडून देत नाहीं. त्या आगींतून वांचलेला मय सभा बांधतो. त्या सभेंत दुर्योधनाची फजिती होते. आणि तिच्या डंखांतून द्यूताकडे जाणारी वाट फुटते. खांडवांत जिची आई मेली त्या नागकुळांतला अश्वसेन कर्णाच्या बाणावर बसून सूड घ्यावयास येतो. अर्जुनाचा नातू परीक्षित तक्षकाच्या दंशानें मरतो. त्या दंशाला तेथें ऋषिपुत्राच्या शापाचें कारण दिलें आहे, हें खरें; पण ज्याचें घर खांडवांत जळलें तोच हा तक्षक, हें वाचकाला विसरतां येत नाहीं. मग जनमेजयाचें सर्पसत्र, आणि तें थांबविणारा आस्तिक. एवढें मोठें भारत वैशंपायन सांगतो तें त्याच सत्राच्या मंडपांत. खांडवाचा धूर चार पिढ्या दिसत राहतो, असें हें रचनाकौशल्य आहे.

आतां पंचाविषयीं. त्या रात्रीच्या अस्वस्थतेंत आम्हांस भाचीचा थोडा रागही आला होता. आम्हांला खजील करण्यासाठीं तिनें ती म्हातारी मागाहून निर्माण केली असावी, असा आमचा तर्क होता. सूत्रधार असेंच करतो. त्याला नाटकाचा शेवट ठाऊक असतो, आणि प्रेक्षकांना रडविण्यासाठीं तो हवें तें पात्र हव्या त्या वेळीं आंत सोडतो. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिला तसें विचारलेंही. तिनें कांहीं न बोलतां आपली वही आणून समोर ठेवली. खिंड, जकात, लांडगे, मिठाचे व्यापारी, दुभाषी म्हातारी आणि तिचा शिष्य, हें सगळें पहिल्या रविवारच्या आधींची तारीख घालून तींत लिहिलेलें होतें.

"तुम्ही त्याला माराल कीं सोडाल, हें मीं कुठेंच लिहिलें नव्हतें," ती म्हणाली. "तो काय सांगणार, तेवढें लिहिलें होतें."

आम्हीं म्हटलें, "पण मेल्यावर तरी म्हातारीचा प्रश्न तुला गाळतां आला असता."

"गाळला असता, मामा. मग तुम्ही त्याला सोडलें असतें तरी तेंच झालें असतें आणि मारलें तरी तेंच. मग तुम्हांला विचारलें तरी कशाला असतें?"

या उत्तरानें सूत्रधार हा शब्द आमच्यापुरता निकालांत निघाला. पंचाजवळ त्या जगापुरती देवाची सत्ता असते. पाऊस पाडणें, डोंगर हलविणें, मेलेल्याला उठविणें, कांहींच त्याला अशक्य नाहीं. या सत्तेचा खरा कस ती न वापरण्यांत आहे. आवडत्या खेळाडूला वांचविण्याचा मोह पंचाला होतो, आणि मनांत योजलेली सुंदर गोष्ट खेळाडूंनीं बिघडवूं नये असा दुसरा मोह त्याहून मोठा असतो. या दोहोंपैकीं कोणत्याही मोहाला तो वश झाला कीं खेळाडूंची निवड पोकळ होते. ते बोलतात, फासे टाकतात, आणि घडतें तें पंचाच्या मनांतलें. दयेनें परिणाम पुसणारा पंच खेळाडूचें स्वातंत्र्यच पुसतो. ईश्वर दयाळू असून जगांत दुःख कां, हा प्रश्न आम्ही वर्गांत कितीदां तरी फळ्यावर मांडला आहे. त्याचें उत्तर आम्हांस सांपडलें असें मुळींच नाहीं. परंतु एका विशींतल्या मुलीनें त्या प्रश्नाची एक बाजू जितक्या थोडक्यांत सांगितली, तितक्या थोडक्यांत आम्हांस ती कधीं सांगतां आली नव्हती.

येथें कांहीं वाचक आक्षेप घेतील. पहिला आक्षेप असा कीं, या सगळ्यांत खरें दुःख कोणालाच झालें नाहीं. कोष्टी नव्हता, म्हातारी नव्हती, पहारेकरीही नव्हता. हें निर्विवाद आहे. पण "तुम्हांला योग्य वाटेल तें करा" असें म्हणून चहा पिणारा माणूस काल्पनिक नव्हता. सोंग पुजाऱ्याचें होतें. टाळाटाळ आमची स्वतःची होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परिणाम दाखवून शिकविलेली नीति हिशोबी होणार नाहीं काय? पावाची किंमत वाढते म्हणून सोनें जपून खर्चावें, लांडगे येतात म्हणून गॉब्लिन सोडावे, हा शहाणपणा झाला, सद्गुण नव्हे. निष्काम कर्माच्या उपदेशावर वाढलेल्या आपल्या समाजाला ही शंका यावीच. आमचें उत्तर असें आहे कीं, म्हातारीच्या प्रश्नांत शिक्षा नव्हती. तिनें आमचें कांहीं काढून घेतलें नाहीं, शापही दिला नाहीं. एका मेलेल्या माणसाची तिनें आमच्याशीं ओळख करून दिली. फळाची आशा सोडावी, हें खरें. पण आपल्या कर्माचें फळ कोणाच्या अंगणांत पडलें, हें पाहण्याची जबाबदारी त्यानें सुटत नाहीं.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र आमच्याजवळ पुरें उत्तर नाहीं. भुयाराबाहेरचें जग या खेळांत ज्यांनीं सर्वांत खोलवर उभें केलें, त्यांत एम. ए. आर. बार्कर यांचें नांव अग्रभागीं येतें. ते मिनेसोटा विद्यापीठांत प्राध्यापक होते, उर्दूचे नामांकित अभ्यासक होते, आणि त्यांचा उर्दूचा पाठ्यक्रम प्रसिद्ध आहे. त्यांनीं 'टेकुमेल' नांवाचें जग रचलें. त्याला स्वतःच्या भाषा दिल्या, लिप्या दिल्या, देवळें आणि घराणीं दिलीं. १९७५ सालीं तें खेळरूपानें प्रसिद्ध झालें. त्यांत नवा खेळाडू परदेशी रानवट म्हणून बंदरावर उतरतो, आणि कोणापुढें किती वांकावें हें त्याला शिकावें लागतें. न शिकल्यास जीव जातो. परकीयाच्या रीतिभातीकडे इतक्या आस्थेनें पाहावयास लावणारा खेळ विरळा. आणि १९९१ सालीं टोपणनांवानें निघालेली एक नाझी विचारांची कादंबरी याच बार्करांची होती, हें त्यांच्या मृत्यूला दहा वर्षें झाल्यावर, २०२२ सालीं, त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेंच जाहीर केलें. ज्या माणसानें कल्पनेंतल्या परक्यांना एवढें समृद्ध जग दिलें, त्यानें खऱ्या जगांतल्या परक्यांविषयीं असें लिहावें! तेव्हां हा खेळ खेळून माणूस आपोआप सज्जन होतो, असा दावा आम्ही करीत नाहीं. कल्पनेंतलें गांव खऱ्या गांवाची जागा घेऊं शकत नाहीं. तें फार तर खऱ्या गांवाकडे बोट दाखवितें. तिकडे जावयाचें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.

आमच्या बाबतींत तें बोट कोठें वळलें, हें सांगून हा लेख पुरा करतों. त्या रात्रीं झोंप कां आली नाहीं, याचें कारण पहारेकरी नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वीं महाविद्यालयांत हजेरी कमी भरलेल्या विद्यार्थ्यांचे अर्ज पाहण्याचें काम आमच्याकडे होतें. सबळ कारण असल्यास सूट देतां येत असे. एका दुपारींच चाळीस-एक अर्ज निकालांत काढावयाचे होते. त्यांत एका मुलाचा अर्ज होता. शेतीच्या कामासाठीं घरीं राहावें लागलें, वडील अंथरुणावर आहेत, असें त्यानें लिहिलें होतें. दाखला जोडलेला नव्हता. तो स्वतः दाराशीं येऊन उभा राहिला आणि कांहीं सांगूं लागला. आम्हीं मान वर न करतां सांगितलें, "कार्यालयांत विचारा." त्याची टर्म नामंजूर झाली. नियमाप्रमाणें तें बरोबरच होतें. पुढच्या वर्षीं तो वर्गांत दिसला नाहीं. तो कोठें गेला, असा प्रश्न आमच्या मनांत आला नाहीं, कारण आमच्यापुरतें तें दार बंद होऊन पुढचें दार उघडलें होतें. अर्जावर त्याच्या गांवाचें नांव होतें. तें आम्हीं वाचलें नव्हतें.

खेळांतला आमचा पुजारी पुढें म्हातारीला बरोबर घेऊन पुन्हां डोंगरांत गेला. गुहांत कोणी नव्हतें. चुली थंड होत्या, आणि लहान पावलांचे ठसे खिंडीपलीकडे गेले होते. भाचीनें आमची समजूत घालण्यासाठीं एकही शब्द जास्त उच्चारला नाहीं. आम्ही अजून त्या ठशांच्या मागें आहों.

यंदाचेही अर्ज आतां टेबलावर येऊन पडले आहेत. तितकेच असतील, चाळीस-एक. ते एका दुपारींत होणार नाहींत.